चांदसाहेबांच्या नावाचा शिंपला

तासगावात माणूस मोठा झाला हे ओळखायची खूण एकच, तो चौकातल्या फ्लेक्सवर येतो. चांदसाहेब बागवान फ्लेक्सवर आले ते सत्तरी ओलांडल्यावर, आणि तेही एका शिंपल्यामुळं. उभा जन्म बेदाण्याच्या धंद्यात घालवलेल्या माणसाला शिंपला मोठं करील, असं आधी कुणी म्हटलं असतं तर खुद्द चांदसाहेबांनीच त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

हे घडवून आणलं त्यांच्या लेकीनं. अर्शिया रोज तासगावातून एसटीनं सांगलीला जाते, तिथल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. वय चाळिशीला टेकलेलं, अंगानं किरकोळ, पण चाल अशी की बरोबरच्या माणसाला पळावं लागतं. एका जागी बसणं तिला ठाऊकच नाही. एसटीत बसायला जागा मिळाली तरी ही बाई स्टँड यायच्या कितीतरी आधी उठून दाराशी उभी. तिची आई फरीदाबी म्हणते, "लोकांच्या पायाला भिंगरी असती, ही सोताच भिंगरी हाय."

भूगर्भशास्त्राकडं ती वळली त्यातही काही दैवी संकेत वगैरे नव्हता. साताऱ्याला शिकायला होती, रसायनशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि या विषयाकडं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून घेतला. मग त्यातच अशी रुतली की स्थळं आली आणि गेली, हिनं मान वर करून बघितलं नाही. गंमत अशी की सातारा-सांगलीत कुठंही खणा, काळा पाषाण लागतो. समुद्राचा जुना शिंपला औषधालाही मिळत नाही. त्यासाठी तिला पार तमिळनाडूत, अरियालूरच्या चुनखडीच्या खाणींत जावं लागायचं. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनासोर अजून नांदत होते तेव्हा, तिथं समुद्र होता. तो आटला, त्याच्या तळाचा गाळ झाला आणि गाळातले शिंपले तसेच राहिले.

एका उन्हाळी सुट्टीत तिनं तिथून दोन पोती शिंपले आणले. जाताना वडिलांच्या शेडमधली बेदाण्याची जुनी, दोन जाळ्यांची चाळण मागून नेली होती. मऊ गाळ तिच्यावर घालायचा आणि हलवायचा. वर राहिलेले मोठे, धड शिंपले एका पोत्यात, खाली पडलेले नखाएवढे दुसऱ्या पोत्यात. दोन जाळ्यांच्या मध्ये राहिलेले मधल्या मापाचे बहुतेक फुटके होते, ते तिनं तिथंच ओतून दिले. फुटका माल घरी आणायचा नसतो, हे बागवानांच्या घरातलं पोर चालायच्या आधी शिकतं.

मोठे शिंपले ओळखीचे निघाले, त्यांचं नाव इंग्रजांच्या अमलातच पडून गेलं होतं. घोळ घातला तो धाकट्यांनी. ते जास्त गोल, पाठीवर कंगोरे जवळजवळ नाहीत, आणि दोन शिंपा जिथं बिजागरीसारख्या जोडलेल्या असतात तिथले दात बारीक. अर्शियानं मापं घेतली, फोटो काढले, जगभरच्या संग्रहांशी ताडून पाहिलं. कशाशीच जुळेना. काही वर्षं अशी घासल्यावर तिनं ही नवी जात आहे असा निबंध लिहून एका शास्त्रीय मासिकाला पाठवला. नवी जात जाहीर करायची तर एक अस्सल नमुना पुढं ठेवावा लागतो, पुढं कुणाला शंका आली तर त्याच्याकडं बोट दाखवायला. तिच्याकडं असा एकच होता. दोन्ही शिंपा मिटलेल्या, कड जराही न झिजलेली. आणि नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो. तिनं वडिलांचं नाव घेतलं, लॅटिनच्या रिवाजानं शेवटी 'ई' लावला आणि लिहिलं, चांदसाहेबी. निबंध मंजूर झाला. उन्हाळ्यात छापून येणार होता.

चांदसाहेबांनी तो शिंपला तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला.

"किती जुना म्हनलीस?"

"सात कोटी वर्षं, अब्बा."

"आनि एवढा येळ त्येला नावच न्हवतं?"

"नव्हतं."

"गरीब बिचारं." मग दाढीवरून हात फिरवत हसले. "आता लागलं की. बागवानांत घेतलं त्येला."

त्या दिवसापासून बेदाण्याचा भाव विचारायला आलेला माणूस शिंपल्याची हकीकत ऐकल्याशिवाय सुटेना. मशिदीत, बाजारातल्या सौद्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, चांदसाहेबांच्या तोंडी एकच विषय. आयुष्यभर लोकांच्या मालाची प्रत ठरवत आलेल्या माणसाची प्रत पहिल्यांदाच कुणीतरी ठरवली होती, आणि तीही वरची. शेवटी व्यापारी मित्रमंडळाच्या शंभूराजनं, जो कुणाची म्हैस व्याली तरी सत्कार ठेवील, बापलेकीच्या सत्काराचा बेत केला. एप्रिलचा रविवार ठरला. फ्लेक्स लागला.

आणि सत्काराच्या आधीच्या सोमवारी अर्शियाचा जीव उडाला.

कारण अगदी साधं. बेदाण्याचा हंगाम होता, ती वडिलांचा डबा द्यायला शेडवर गेली होती. एका शेतकऱ्याचा माल चाळणीवर चालू होता. वरचा मोठा मणी एका क्रेटमध्ये, मधला दुसऱ्यात, बारीक तिसऱ्यात. तिन्ही क्रेटना वेगळी नावं, वेगळा भाव. ती उगाच बघत उभी राहिली. बाग एक, वेल एक, घडसुद्धा एकच. वेगळं करत होती ती फक्त चाळण.

डबा तसाच हातात घेऊन ती बाहेर आली. अरियालूरला आपण दुसरं काय केलं होतं? मोठे एकीकडं, बारीक एकीकडं, आणि दोघांना जोडणारे मधले फुटके म्हणून फेकून दिले. बारीक शिंपले गोल असतील, कंगोरे नसतील, दात नाजूक असतील, कारण ती पोरं असतील! त्याच ओळखीच्या मोठ्या शिंपल्यांची पोरं. पोराचे गाल गोल असतात म्हणून त्याला कुणी वेगळी जात म्हणतं का?

त्यानंतर तिला स्वस्थता म्हणून मिळाली नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी राहिली ती राहिलीच, शेवटी मुलंच खाकरली. सकाळी सांगलीची एसटी सोडून भलत्याच गाडीत चढली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. चहा केला, ओतला, विसरली. मनाशी कधी म्हणे, छे, मासिकाच्या पंचांनी तपासून वाचलाय निबंध, ते काय आंधळे आहेत? कधी म्हणे, पंचांना काय माहीत मी काय फेकून दिलं. ही सल अशी होती की ती कुणाला सांगता येत नव्हती आणि गिळताही येत नव्हती.

खात्री करायची वाट एकच होती. शिंपला वर्षागणिक कडेनं वाढत जातो आणि प्रत्येक वाढीची रेघ आत राहते. वाढतं वय असेल तर रेघा ऐसपैस. पुरतं वय झालं की कडेला रेघा दाटीवाटीनं येतात, उसाची कांडी शेंड्याकडं आखूड होत जाते तशा. छोटा शिंपला कापून बघायचा. कडेला रेघा दाटलेल्या निघाल्या तर तो मुळातच लहान चणीचा, वेगळ्या जातीचा, आणि अब्बांचं नाव टिकलं. नाही निघाल्या, तर गेलं. पण बाकी सगळ्यांच्या कडा झिजलेल्या होत्या. कड शाबूत होती ती एकाचीच, नमुन्याची.

बुधवारी तिनं तो जोतीरामच्या पुढं ठेवला. जोतीराम प्रयोगशाळेतलं दगड कापायचं यंत्र चालवतो.

"आवं मॅडम, ह्यो तर फोटूतला न्हवं?" तो हात मागं घेत म्हणाला. "एकुलता एक हाय. ह्येला कशापायी कापायचा?"

"काप."

"रविवारी सत्कार हाय म्हनं तुमचा."

"म्हणूनच काप, जोतीराम. जरा घाई कर."

पाण्याची धार सोडून यंत्र कुरकुरायला लागलं तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. मग आत आली. परत बाहेर गेली. कापलेली चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. तिनं डोळा लावला. बिजागरीकडच्या टोकापासून रेघा मोजत, सरकत सरकत कडेपर्यंत गेली. रेघा ऐसपैस होत्या. शेवटपर्यंत. दाटी कुठंच नव्हती. वाढायचं होतं, पण त्याआधीच गाळात गाडलं गेलेलं एक पोर.

तिथल्या तिथं बसून तिनं मासिकाच्या संपादकांना कळवलं, माझी चूक झाली, निबंध मागं घेते. यात तिला काही जड गेलं नाही. परक्या माणसाशी खरं बोलायला लागतं काय?

जड होतं ते घरी. संध्याकाळी जेवताना चांदसाहेब म्हणाले, "सांगलीच्या टेलरनं शेरवानी दिली बग. जरा सैल झालीया." सांगायची ती हीच वेळ, असं तिला वाटलं, आणि ती म्हणाली, "छान आहे." गुरुवारी ती सांगायचं ठरवूनच शेडवर गेली. तिथं चांदसाहेब दोन गिऱ्हाइकांना डायनासोर केवढा असतो ते हात पसरून दाखवत होते. ती आल्या पावली फिरली. शुक्रवारी नमाजहून आल्यावर बोलू, शनिवारी अम्मी बाहेर गेल्यावर बोलू. शनिवारी फरीदाबी बाहेर गेली, बापलेक समोरासमोर बसले, आणि अर्शिया उठून भांडी घासायला लागली. भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं राक्षस कसला? समोर एक म्हातारा खुशीत बसला होता, आणि तीच तिची भीती होती.

रविवारी हॉल भरला. शंभूराज तासभर बोलला. त्यात शिंपला कमी आणि शंभूराज जास्त होता. "आपल्या चांदसाहेबचाचांचं नाव आता जगाच्या पुस्तकात अजरामर झालं!" अशी आरोळी त्यानं ठोकली तशी चांदसाहेबांनी मान खाली घातली आणि हळूच डोळे पुसले. हे अर्शियाला दिसलं. ती खुर्चीच्या कडेवर आली. अजून तिच्या बोलण्याची पाळी नव्हती, तरी ती उठली, शंभूराजच्या हातातला माइक घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ही नवी जात नाही. माझी चूक झाली. हे आधीच्याच जातीचं पिल्लू आहे. नाव रद्द झालं.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. होय, टाळ्यांचा! पहिल्या रांगेतले एक निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, विद्या विनयेन शोभते." शंभूराजनं माइक परत घेतला, "हा मोठेपणा फक्त आपल्या मातीत!" असं म्हणून शाल तिच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला आणि फोटोवाल्याला हाक मारली. लोकांना सत्कार करायचा होता, तो त्यांनी केला. कशाबद्दल, हे त्यांनी आधी विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही.

साऱ्या हॉलात टाळी वाजवली नाही ती एकट्या चांदसाहेबांनी. तिचं बोलणं पुरतं कळलेला माणूसही तो एकटाच होता.

घरी जाताना फरीदाबी शेजारणींबरोबर रिक्षात बसली. बापलेक आपल्या छोट्या टेम्पोत. शेडपाशी चांदसाहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"कवा कळलं तुला?"

"बुधवारी."

"आज रविवार हाय."

"हो, अब्बा."

"मंजी रोज माझ्यासंगं जेवलीस, आनि गप ऱ्हाईलीस. मी शेरवानी घालून दावत हुतो तुला."

"तुम्ही लय खुश होता, अब्बा. माझी जीभच उचलली नाही."

"हॉलात उचलली की." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "अख्ख्या गावाचं भ्या वाटलं न्हाई तुला. माझं वाटलं? नाव जाऊंदे गं, बेदान्याच्या पोत्यावर लय झालं माझं नाव. पर तुझ्या तोंडनं मला पयलं कळाय नगो हुतं? मी त्या खुर्च्यांवरल्या मान्सांत बसून ऐकलं. त्यांच्यातलाच एक."

गेला आठवडाभर जिचा पाय ठरत नव्हता ती अर्शिया आता हलेना. आपण काय केलं ते तिला आता कुठं कळलं, आणि ते शिंपल्याच्या चुकीपेक्षा फार मोठं होतं.

चांदसाहेबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले आणि तिच्याकडं वळून बसले.

"सांग आता," ते म्हणाले. "पयल्यापासनं. त्यास्नी सांगितलंस ते ऱ्हाऊंदे. मला सांग."

"अब्बा," तिनं सुरुवात केली, "तो शिंपला नवा नव्हता..." आणि पुढचं वाक्य काही तिला बोलता आलं नाही, इतकं रडू आलं. चांदसाहेब घाई न करता बसून राहिले, ती सांगेपर्यंत.