अवनी वरच्या खोलीत निघून गेली

अवनीनं घर सोडलं ते जिना चढून. जानेवारीची संध्याकाळ होती, लॉकडाऊन चालू होता, विमानतळावर सोडायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. चर्चच्या प्रमुखांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून प्रार्थना म्हटली आणि आमची वीस वर्षांची मुलगी मॉर्मन ह्या ख्रिस्ती पंथाची मिशनरी म्हणून रुजू झाली. चिनी शिकायचं, मग तैवानला जाऊन दीड वर्ष आपला धर्म लोकांना सांगायचा. एरवी हे प्रशिक्षण मोठ्या केंद्रात होतं. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या घरी, ऑनलाइन. माझ्या बायकोनं, निशानं, अवनीच्या तळहातावर दही ठेवलं. तिनं ते चाटलं, आमच्या पाया पडली आणि डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या आमच्या घराचा जिना चढून वरच्या छोट्याशा बॉक्सरूममध्ये गेली. दार लागलं.

आम्ही दोघं खाली उभे. निशा म्हणाली, "आता रडायचं की पोळ्या करायच्या?"

तिनं पोळ्या केल्या. रडलो मी.

नागपूरच्या मंडळींनो, तुम्ही गेली दोन वर्षं आपल्या घरच्या ग्रुपवर जे लिहीत आलात त्याला मी उत्तर दिलं नाही. आज देतो. हे वाचून आणखी कुणी ग्रुप सोडला तरी माझी हरकत नाही.

मी अपराधी आहे, हे आधीच मान्य करतो. आप्पांना, माझ्या वडिलांना, म्हातारपणी दादाच्या गळ्यात टाकून मी इथे आयर्लंडमध्ये सॉफ्टवेअर लिहीत बसलो. मी निघालो तेव्हा आप्पा दारातच म्हणाले होते, "जाऊन राहिला तर जा. पण तिकडचा होऊन येऊ नको." मी हो म्हटलं आणि शेवटी इथलाच झालो. अवनीला चार वर्षांची असताना आणलं, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. तिला मराठी समजतं, पण बोलते ती बहुधा डब्लिनच्या इंग्रजीत. मी तिला एका देशातून उचलून दुसऱ्यात ठेवलं, मग तिनं स्वतःच्या मनानं दुसरा धर्म घेऊन आणखी पुढे जायचं ठरवलं तर मी कोणत्या तोंडानं अडवू? हे सगळं मला रोज टोचतं. पण तिच्या धर्माची लाज मला वाटत नाही. माझा अपराध आणि तिची निवड ह्यांची गल्लत करू नका.

दार लागल्यावर घरात नवे नियम आले. ती घरातसुद्धा स्कर्ट घालून, छातीवर नावाची काळी पट्टी लावून बसायची. तिची जोडीदार मिशनरी अमेरिकेत होती, दोघी दिवसभर पडद्यावर एकत्र. नातेवाइकांना फोन आठवड्यातून एकदा, सोमवारी. मी घाबरून विचारलं, "मग जेवताना आमच्याशी बोललेलं चालतं ना?"

"बाबा, यू आर ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत काळजी नको. "मीठ दे."

मी खाली किचनच्या टेबलावर ऑफिसच्या मीटिंगा करायचो आणि वरून एकच अक्षर चार सुरांत खाली यायचं; चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो. सुरुवातीला वैताग आला. मग तिच्या शिक्षिकेनं सांगितलं की घरातल्या कुणाला तरी समोर बसवून चिनीतून शिकवायचा सराव करा. निशानं सरळ हात वर केले. उरलो मी. शनिवारी दुपारी बॉक्सरूममधल्या पलंगाच्या कडेवर बसून मी चौकशी करायला आलेला अनोळखी चिनी माणूस व्हायचो. तिची अट एकच होती: खोटं बोलायचं नाही, जे मनात आहे तेच बोलायचं. तिनं हळूहळू विचारलं, तुमचा देवावर विश्वास आहे का? मी पाठ केलेलं उत्तर दिलं, "वो बू शिन." माझा विश्वास नाही.

तिचा चेहरा उजळला. "बाबा! टोन बरोबर आला!"

पोरीला तिच्या देवाबद्दल तोंडावर नाही म्हणावं आणि तिनं टाळ्या वाजवाव्यात, असं तुमच्या कुणाच्या घरात झालंय का?

तिला आमच्याकडून काही नको होतं. फक्त निघायच्या आधी आजोबांनी बोलावं, एवढंच हवं होतं. आप्पांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. धर्माचं कळलं तेव्हा ते गप्प झाले, पण खरे भडकले ते तिनं चहा सोडल्याचं कळल्यावर. "चिन्यांच्या घरी जाऊन राहिली आणि चहाला नाही म्हणणार? ते लोक घरात घेतील काहून?" तिच्या चर्चमध्ये चहा-कॉफी पीत नाहीत, हे मी सांगत होतो तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

त्यातच आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. सगळे व्हिडिओवर जमणार होते. आदल्या दिवशी दादाचा फोन आला. "हे बघ बे, असे लोक आपल्या दारात आले की आपण हाकलतो. आता आपलीच पोट्टी? तिला म्हण ती पट्टी काढून बस, नाहीतर बसू नको. आप्पांचंच म्हणणं आहे."

मी नेहमी मध्यममार्ग काढतो. ह्या वेळी काढला नाही. "ती पट्टी लावून बसेल. नसेल चालत तर मीही बसणार नाही."

"बापाच्या कार्यक्रमाला?"

"बापाच्या कार्यक्रमाला."

आणि मी बसलो नाही. तिकडे तुम्ही आप्पांना ओवाळत होतात तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसून चिनीत माझा पत्ता सांगत होतो. अवनी म्हणत होती, पुन्हा, सावकाश. मी पुन्हा सांगितला.

त्यानंतर बुधवारी, कामाच्या वेळेत, आप्पांचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "पोट्टी कुठे आहे?"

"वर. वर्ग चालू आहे."

"बोलाव."

ह्या एका शब्दाची मी महिनोन्‌महिने वाट पाहत होतो. जिना चढायला कितीसा वेळ लागतो? पण वरून तिचा आवाज येत होता, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, "आप्पा, आत्ता नाही. तिचा सोमवार असतो. सोमवारी करा."

"मी तिचा आजोबा आहे बे."

"हो. सोमवारी करा."

फोन बंद झाला. "वेडे आहात का तुम्ही?" निशा म्हणाली. पुढचे दिवस मी जेवलो नाही नीट. वर जाऊन अवनीला सांगायचीही हिंमत झाली नाही. आता सोमवारी फोन आला नाही तर आजोबा तिच्याशी कधीच बोलणार नाहीत आणि त्याला कारण मी असेन, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुन्हा तेच केलं असतं. एकोणचाळीस माणसांच्या ग्रुपमध्ये तिच्या कामाला काम म्हणणारं कुणी नव्हतं. निदान तिच्या बापानं म्हणायला हवं होतं.

सोमवारी फोन आला. अवनी खाली पळत आली, मी स्पीकर लावला.

"लोक तोंडावर दार आपटतील," आप्पा म्हणाले.

"आय नो, आजोबा."

"मग काय करशील?"

"नेक्स्ट डोअर."

मग आप्पा, ज्यांनी जन्मभर सायकलवरून विमा विकला, घसा खाकरून म्हणाले, "पहिल्या खेपेला विकायचं नाही. बसायचं, त्याचं ऐकायचं. ज्यानं हाकललं त्याच्याकडे दिवाळीनंतर पुन्हा जायचं. आणि मला हे काही पटलेलं नाही, सांगून ठेवतो."

"ओके, आजोबा."

"जेवून राहिली ना?"

त्यांना अजूनही पटलेलं नाही. मलाही तिचा देव पटलेला नाही. तैवानचा व्हिसा अडकला म्हणून चर्चनं तिला आधी इंग्लंडला पाठवलं, तिथल्या चिनी वस्तीत. निघाली तेव्हा ह्या वेळी खरीखुरी बॅग होती.

दादा म्हणतो, मी हातचं घर घालवलं. नागपूरही गेलं, पोरगीही गेली. दादा, माझं घर हे असं आहे: इथे गणपती बसतो, चिनीतून प्रार्थना होते, न पटणाऱ्या माणसाचा फोन उचलला जातो आणि अभ्यासाला बसलेल्या पोरीला कुणासाठीही उठवलं जात नाही. तुला ते मोडलेलं दिसत असेल तर दिसू दे. आम्ही त्यात राहतो.