देवाच्या गावाचं तिकीट

हे गेले त्याला वर्ष झालं आणि माझी झोप उडाली. भक्तीबिक्ती काही नव्हती. विहीणबाईंनी, म्हणजे सुनेच्या आईने, अनुग्रह घेतला आणि तेव्हापासून त्या रेल्वेसारख्या घोरतात. म्हटलं आपणही गुरूकडून नाम घ्यावं. सिंहस्थ उरकला होता, गर्दी ओसरली होती. दोघी निघालो.

अडचण एकच. यांचं नाव त्र्यंबक, आणि गावाचंही तेच. लग्नात सासूने नाव घे म्हणून दारात अडवलं, तेव्हा पुटपुटले तेवढंच, तेही कुणाला ऐकू गेलं नाही. लिहायला हरकत नाही, लिहिताना जीभ लागत नाही.

सीबीएस स्टँडवरून एसटी सारखी मिळते, तासाभरात पोचते. डावीकडची खिडकी धरा, अंजनेरीचा डोंगर दिसतो. कंडक्टरला म्हटलं, देवाच्या गावाचं द्या.

"आजी, कुठला देव? वणीला देवी हाय, पंचवटीत राम हाय."

"ही बस जिथं चाललीय, तिथला."

विहीणबाईंनी पदराआड हसत गावाचं नाव सांगितलं. त्यांचं बरं आहे. त्यांचा नवरा रामदास, त्यांना फक्त पंचवटीत अडचण.

उतरल्यावर आधी खाऊन घ्या. मिसळ नुसती लाल असते, त्यापेक्षा साबुदाण्याची खिचडी स्वस्त आणि गरम. मठ देवळामागच्या बोळात होता. महाराज माझ्या मुलाच्या वयाचे. रुद्राक्षाची माळ हातात दिली, कानात नाव सांगितलं. कोणतं ते कळलंच असेल. मोठ्याने म्हणा, म्हणाले. माझी जीभ टाळूला चिकटली. विचारलं, महादेवाचं दुसरं एखादं चालेल का, शंकर वगैरे?

"आजी, नाम आहे हे. भाजी नाही निवडून घ्यायला."

मग म्हणाले, ब्रह्मगिरीवर जा, तिथे ऐकायला कोणी नाही. नाव तोंडातून निघालं तर माळ तुमची. नाहीतर संध्याकाळी परत आणून ठेवा.

डोंगराला पायऱ्या आहेत, पण उंच आणि गुळगुळीत. काठी घ्या. पिशवी हातात धरू नका, माकडं ओढतात. पायथ्याशी काकडी विकणारी बाई मीठ लावता लावता म्हणाली, धुकं उतरलं तर हाय तिथंच बसा, हाक आली तरी उठू नका. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं तिने.

मला ते नवीन नव्हतं. आई सांगायची, रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, भूत एकदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा हाक आली तर ते माणूस, मग ओ द्यायची.

अर्ध्यावर विहीणबाईंचे गुडघे संपले. त्या पायरीवर बसल्या, मी वळण घेऊन वर गेले आणि धुकं आलं. स्वतःचं पाऊल दिसेना. माकडं एकदम गप्प झाली. आता नाही तर कधीच नाही, म्हणून कड्याला पाठ टेकून तोंड उघडलं.

"त्र्यंबक."

काही नाही. आवाज माझा वाटला नाही, कुठल्या पोरीचा वाटला. परत म्हटलं. काही नाही. तिसऱ्यांदा म्हटलं.

"ओ."

डाव्या खांद्यामागून आली. मागे कडा होता.

धुकं विरल्यावर खाली उतरले. थट्टेलाही काळवेळ असते, असं विहीणबाईंना सुनावणार होते. त्यांनीच आधी विचारलं, "विहीणबाई, वर कोण बाप्या होता हो? किती खोकत होता."

मला खोकला ऐकू आला नव्हता. हे शेवटी खोकल्यानेच गेले.

महाराजांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाने ओ दिली, भाग्य लागतं. मी म्हटलं, देवाचा आवाज तंबाखूने घोगरा होतो का? ते हसले नाहीत. झेपत नसेल तर माळ द्या परत, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. मी मूठ मिटली.

इंदिरानगरला घरी आल्यापासून झोप लागते. रोज सकाळी देवघरासमोर बसून मोठ्याने नाव घेते, जीभ आता अडत नाही. तुम्हाला नाम घ्यायचं असेल तर जरूर जा, फक्त ते नाव आणखी कुणाचं आहे तेवढं बघून जा. परवा जप चालू असताना सुनेने स्वयंपाकघरातून विचारलं, सासऱ्यांसारखं कोण खोकलं? शेजारचे असतील, म्हटलं, आणि पुढचा मणी ओढला.