सीट पुसणारा पायलट

गावाकडची एक्सप्रेस पेडण्याला थांबत नाही. पॅसेंजरने शेजारच्या थिवीला जायचं आणि तिथे गाडी बदलायची. पॅसेंजर रखडली की मी त्या पायलटला गाठतो. पायलट म्हणजे इकडचा भाड्याचा मोटारसायकलवाला. कितीही घाई असो, गिऱ्हाईक बसण्याआधी तो खांद्यावरच्या पंच्याने सीट पुसतोच.

मागच्या खेपेला वडिलांचं ऑपरेशन होतं. त्यांना आत न्यायच्या आधी मला पोचायचं होतं. धारगळ येईपर्यंत मी सारखं विचारत होतो, "चुकेल का हो गाडी?"

"घाबरा नको रे. ती रुळावरसूनच येतली, वाट खंय चुकतली?"

थिवीला गाडी लागलेलीच होती. उतरणाऱ्यांतून परतीचं भाडं मिळतं, म्हणून सगळे पायलट स्टेशनच्या दारातच उभे होते. हा मात्र माझी पिशवी उचलून आत आला. सातवीत शाळा सुटलेला मी डबा शोधताना गोंधळतो, हे त्याला ठाऊक आहे. मला जागेवर बसवूनच तो उतरला.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून बाहेरचा स्टँड दिसला. बाकीचे भाडी घेऊन गेले होते. हा एकटाच उरला होता, आणि सीट पुसत होता.