डबा उघडायच्या आधीच दार उघडलं

पडद्यावर पोलिसांची जीप थांबली, हवालदाराने दलालाची कॉलर धरली आणि थिएटरची डावीकडची दारं धाडकन उघडली.

दुपारचा लख्ख उजेड थेट पडद्यावर पडला. लोक उठले. कुणी हेल्मेट उचललं, कुणी पायाने चप्पल चाचपायला लागलं. अहो, पिक्चर अजून संपला नव्हता! सगळ्यात महत्त्वाचा सीन यायचा होता. तो बघायला उरलो मी, आमची डायरेक्टर प्रणाली, प्रोड्युसर बाळाशेठ आणि मागच्या रांगेत झोपलेले एक गृहस्थ. प्रणालीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मी फिल्म एडिटर आहे. शूटिंगमधून शेकडो सुटे तुकडे येतात. ते कापून, जुळवून, मागेपुढे लावून सलग पिक्चर करायचा, हे माझं काम. थिएटर भिवंडीतलं, आणि माझं माहेरही भिवंडीतलंच, कामतघरचं. प्रणाली अंबाडीची, आणि हा तिचा पहिलाच पिक्चर. बाळाशेठ पडघ्याचे, हायवेला त्यांची गोडाऊनं आहेत. रिलीजआधी पिक्चर लोकांना दाखवून बघतात, त्याला प्रिव्ह्यू म्हणतात. भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून आम्ही शुक्रवार धरला होता. दुपारी एक शो, संध्याकाळी दुसरा. माझा लॅपटॉपच प्रोजेक्टरला जोडला होता.

आमची गोष्ट साधी होती. तुकाराम हा लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याच्या मुलीने, वर्षाने, त्याच्या मनाविरुद्ध लग्न केलंय. बाप बोलत नाही. मुलगी रोज एका रिक्षावाल्याबरोबर डबा पाठवते आणि बाप तो न उघडता परत पाठवतो. दुसरीकडे एक दलाल त्याची चाळ गिळायला बसलाय. शेवटी दलाल पकडला जातो, चाळ नाचते. मग पडदा हळूहळू काळा होतो, आणि त्यानंतर बाप एकटा बसून डबा उघडतो, जेवतो, रडतो. या एका सीनसाठी प्रणालीने अख्खा पिक्चर लिहिला होता.

आम्ही तडक डोअरकीपर सलीमभाईंकडे गेलो.

"सलीमभाई, दार इतक्या लवकर कसं उघडलंत?"

"लवकर किधर, मैडम? विलन पकड़ा गया, पब्लिक नाची, म्युझिक बजा. पिक्चर खतम! बरसों से यहीं पे खोलता हूँ."

चूक आमचीच. गर्दी सुरळीत बाहेर पडावी म्हणून डोअरकीपर शेवटाच्या जरा आधी दारं उघडतो. कुठल्या सीनला उघडायची ते त्याला आधी सांगायचं असतं. आम्ही शहाण्यांनी ते सांगितलंच नव्हतं.

"मग सोपं आहे," प्रणालीचा जीव भांड्यात पडला. "पुढच्या शोला सांगू, उशिरा उघडा."

बाळाशेठ पुढे आले. ते म्हणाले, "आन बाकीच्या टॉकीजला काय करशील? दर दारावर तू उभी र्‍हाणार हाय?"

प्रणाली माझ्याकडे बघायला लागली. शेठनी पुढचं सांगूनच टाकलं.

"लोकांना डबा बघायचाच न्हाय. जीपवर संपव. डब्याचा सीन काढून टाका, एडिटरबाई."

प्रणालीचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र त्या उघड्या दाराने पछाडलं होतं. इतकी वर्षं मी बंद खोलीत बसून शेवट कापत आलेय. शेवट जमलाय की नाही ते असं धाडकन कधीच कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मी बोलून गेले, "शेठ, संध्याकाळचा शो होऊ द्या. तोवर मी एडिट बदलते. दार जीपलाच उघडू दे. लोक थांबले तर सीन राहील."

"आन न्हाय थांबले तर?"

"तर मी माझ्या हाताने कापते."

शेठ हसले. "पैज?"

"पैज!"

ते बाहेर गेल्यावर प्रणाली माझ्यावर उखडली. "ताई, पैज तुम्ही लावली आणि पणाला माझा सीन!"

तिचं खरंच होतं. पण भांडायला वेळ नव्हता. थिएटरच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांचं टेबल दिलं, मी लॅपटॉप उघडला आणि शेवटचं रीळ लावलं. आता रीळ वगैरे काही नसतं, पण तोंडात तोच शब्द बसलाय.

या वेळी मी सलीमभाई होऊन बघितलं. आणि मला हसूच आलं! नाच, ढोल, कॅमेरा उंच उंच जातोय, मग काळा पडदा. निघा आता, असं लोकांना आम्हीच सांगत होतो. पानावरून हात धुऊन उठलेल्या माणसाला आम्ही नंतर परत भात वाढायला गेलो होतो.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. डबा शेवटचा दिसला होता तो इंटरव्हलनंतर थोड्या वेळाने. मधल्या मारामारीत लोक त्याला विसरूनही गेले. बाप डबा उघडणार का, ही हुरहुरच थंड झाली होती. जो प्रश्न कुणाला आठवत नाही, त्याचं उत्तर ऐकायला कोण थांबेल?

"प्रणाली, नाच जाणार."

"जाऊ दे."

"ढोल जाणार. काळा पडदाही जाणार."

"जाऊ दे, ताई. डबा जीपच्या आधी आणता येईल का?"

हेच! हेच मी बोलणार होते. वगळलेल्या तुकड्यांत एक शॉट होता. रिक्षावाला पाठमोरा उभा राहून तुकारामला डबा देतोय. पाठमोरा, म्हणजे त्याचे ओठ दिसत नव्हते. ओठ दिसत नसले की त्या माणसाच्या तोंडी नवं वाक्य घालता येतं, याला डबिंग म्हणतात. आणि तो रिक्षावाला, आमचा विलास, खऱ्या आयुष्यातही रिक्षाच चालवतो. तो बाहेर पोस्टरशेजारी उभा राहून फोटो काढून घेत होता. त्याला ओढून आत आणला. पंखा बंद केला, खिडकी लावली आणि फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड केला.

"काका, आजचा डबा शेवटचा हाय. वर्षाताय उद्या सुरतेला चालली. आता तिकडंच र्‍हानार."

पहिल्यांदा तो भाषण दिल्यासारखं बोलला. प्रणाली म्हणाली, "विलासदादा, तुझ्या मागे पॅसेंजर खोळंबलाय असं समज." दुसऱ्या वेळी असं बोलला की माझ्या अंगावर काटा आला.

हा तुकडा मी जीपच्या आधी लावला. आता दलाल पकडला जात होता तेव्हा तुकारामच्या शेजारी, बंद लूमवर, डबा तसाच न उघडलेला होता. म्युझिक काढून टाकलं. फक्त लांबच्या लूमचा खडखडाट ठेवला. शो सुरू व्हायच्या जेमतेम आधी लॅपटॉप परत प्रोजेक्टरला जोडला.

संध्याकाळी हॉल दुपारपेक्षा भरलेला होता. जीप आली. कॉलर धरली. आणि ठरल्याप्रमाणे सलीमभाईंनी दारं उघडली, बाहेरच्या ट्यूबचा उजेड आत आला.

लोक उठले.

प्रणालीने डोळे मिटून घेतले. बाळाशेठनी माझ्याकडे वळून भुवई उडवली. पहिला माणूस दारात पोचला. आणि तिथेच थांबला! मान वळवून पडद्याकडे बघायला लागला. मागचे त्याच्यावर आदळले.

"अबे चल ना!"

"रुक ना यार, डिब्बा खोला क्या उसने?"

मग सगळेच थांबले. पॅसेजमध्ये, दारात, खुर्चीचा दांडा धरून अर्धवट उभे. दारं सताड उघडी आणि बाहेर कुणीच जात नव्हतं! मी आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटत होतं.

पडद्यावर तुकारामचा हात झाकणावर आला. थांबला. खिटी सरकली. टक्.

"बोंबील असनार!" मागून कुणीतरी ओरडलं.

तुकारामला वर्षाच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी आवडते, हे पिक्चरमध्ये अगदी सुरुवातीला एकदाच येतं. त्या माणसाने ते लक्षात ठेवलं होतं! अख्खा हॉल हसला, शिट्ट्या झाल्या, टाळ्या पडल्या. हसणाऱ्यांतले कितीतरी जण डोळे पुसत होते.

आणि मग ते निघाले. पडद्यावर तुकाराम जेवत होता, रडत होता, तो सीन अजून बराच बाकी होता. लोक मजेत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर पडत होते.

बाळाशेठ रुमालात नाक शिंकरत आले. "जिंकलीस, एडिटरबाई. काय हात लावू नको आता. तो रडतो ना, ते बघून मनाबी रडू आला."

"नाही शेठ," प्रणाली म्हणाली. "तो सीन काढायचा."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दुपारी ज्या सीनसाठी तिचा जीव चालला होता, तो ती स्वतः कापायला सांगत होती.

"झाकण उघडलं ना, तिथेच लोकांचं पोट भरलं, ताई. आत काय आहे ते त्यांना आपल्याआधी कळलं. आता त्याला जेवताना कशाला बघायचं?"

"नक्की?"

"कापा. मी बघणार नाही." ती खरंच पाठ फिरवून उभी राहिली.

आता आमचा पिक्चर त्या टक् आवाजावर संपतो.

रिलीजच्या दिवशी सलीमभाईंनी न विसरता विचारलं, "मैडम, दरवाज़ा कब खोलूँ?"

"जब डिब्बा खुले, तब."

शेवट आला. टक् झालं, टाळ्या झाल्या, पडदा काळा झाला, नावं सुरू झाली. दारं बंदच! लोक दारापाशी खोळंबून ओरडायला लागले. मी धावत गेले तर सलीमभाई कडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत उभे होते.

"माफ करना मैडम," ते कडी काढत म्हणाले, "देखने में रह गया."

आता प्रत्येक नवीन पिक्चरचा शेवट लावताना मी एडिटिंग रूमचं दार मुद्दाम उघडं ठेवते. प्रोड्युसर बाहेर निघून गेला तर समजायचं, अजून कापायला हवं.