एप्रनला शिवलेली चादर

रुग्णालयाच्या शिवणखोलीतल्या बाईला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. फाटक्या चादरींना ती झपाट्याने टीप मारी, आणि घडी घालताना त्या चादरीवर उद्या जो कोण झोपेल त्याच्यासाठी प्रभूकडे शब्द टाकी. तेवढ्यावर भागलं तर ती भिंगरी कसली! जेवणाच्या सुट्टीत वॉर्डात जाऊन कुणाचा तरी हात धरून बसे. "घाबरू नका, तो सोबत आहे," असं ती म्हणाली की रडणारी माणसंही जरा सावरत.

त्या सकाळी मात्र तिच्याच नवऱ्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. दाराबाहेर बसवेना म्हणून ती मशीनवर आली. तिथेही बसवेना. दर दहा मिनिटांनी उठायची, जिन्यापर्यंत जायची, घड्याळ बघून परत यायची. डोळे मिटले की प्रार्थनेऐवजी नवऱ्याचे पांढरे पडलेले ओठच दिसत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली.

इतक्यात नर्सने जिन्यातून हाक मारली. भिंगरी ताडकन उठून धावली, आणि तिच्यामागून अख्खी चादर फरफटत निघाली. घाईत बाईने चादरीची कड स्वतःच्या एप्रनलाच शिवून टाकली होती! नर्सला रक्त चढवायच्या संमतीच्या कागदावर सही हवी होती, एवढंच. भिंगरीने सही केली. ती तिथेच पायरीवर बसली.

तो अवतार बघून धुलाईघरातला म्हातारा कात्री घेऊन आला. गेल्या वर्षी त्याची बायको इथेच वारली, तेव्हा भिंगरी महिनाभर रोज त्याच्याजवळ जाऊन बसायची. "तुझ्या देवाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस," असं तो तिच्यावर खेकसला होता. तरी दुसऱ्या दिवशी ती हजर.

टाके उसवता उसवता त्याने विचारलं, "प्रार्थना केलीस का?"

"नाही जमत, काका. सकाळपासून एक शब्द फुटत नाही."

म्हाताऱ्याने कात्री बाजूला ठेवली आणि भांडायला बसल्यासारखं वर पाहिलं.

"हे बघ येशू, तुझं-माझं काही पटत नाही. पण हिचं तुझ्याशी रोजचं बोलणं आहे. आज हिची वाचा बसलीय, म्हणून मी बोलतोय. माझ्या वाईट दिवसांत तू कुठे होतास मला ठाऊक नाही. ही मात्र रोज येत होती. तूच पाठवत असशील, तर आज हिच्याजवळ ये. आणि हिच्या माणसाला सांभाळ."

भिंगरीला हुंदका आवरेना. म्हातारा ओशाळला.

"शेवटी ते एक काय म्हणता ना तुम्ही लोक, ते तू म्हण. तुझा शब्द तो मोडणार नाही."

ऑपरेशनचं दार अजून बंदच होतं. साबणाने सोललेला त्याचा हात तिने घट्ट धरला आणि म्हणाली, "आमेन."