कूलरपलीकडचं ‘मग?’

माझे यजमान पाळक आहेत, आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक बाईचा मला हेवा वाटतो. घ्या, सांगून टाकलं!

चर्चमधल्या उपदेशाचं मला काही नाही, तो सगळ्यांचाच. माझी जळजळ होते ती आमच्या पुढच्या खोलीपायी. मन मोकळं करायला कुणी बाई एकटी आली, की आमचा नियम ठरलेला: मधलं दार सताड उघडं आणि मी आतल्या खोलीत, दोघांनाही दिसेल अशी बसलेली. मला दिसायचं सगळं, ऐकू काहीच यायचं नाही. ती काळजी आमचा कूलर घेतो. उन्हाळाभर असा घरघरतो, की शेजारी बसून कुणी भांडलं तरी कळू नये.

कामठीहून एक बाई यायची. तिचं रडणंही देखणं! मी रडले की नाक टोमॅटो होतं. ती डोळे टिपायची, हे चष्मा काढून पुढे वाकायचे, आणि ओठांवरून मला स्पष्ट कळायचं, "मग?"

चष्मा काढून! मी बोलायला लागले की नुसतं "हं" येतं, तेही पेपरमागून. मला ते "मग?" हवं होतं.

एकदा ती बसलेली असताना मी हळूच कूलर बंद केला.

"काहून बंद केला वं?" यांनी तिथूनच विचारलं.

"मोटर तापली जी. आराम देऊन राहिली तिले."

"चालू कर. ती नाही थकत."

बाई बाहेर पडली तशी मी उठले आणि तिच्या ऊबदार खुर्चीत जाऊन बसले.

"चहा आणला का?"

"चहा पाजाले नाही आली. पाळकसाहेबाले भेटाले आली."

हे हसले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बोला बाई."

तक्रारींची तालीम वर्षानुवर्षं झालेली होती; तोंडून भलतंच निघालं. "पोरगी सासरी गेल्यापासून मले घरात करमत नाही जी."

ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे पुढे वाकले. "मग?"

तेवढ्यात कामठीवाली परत दारात! "ऑटो भराचा आहे अजून. एक गोष्ट राहूनच गेली, साहेब."

"थोडं आत बसा," हे माझ्यावरची नजर न हलवता म्हणाले. "या बाईंचं चालू आहे."

ती माझ्या जागेवर जाऊन बसली आणि मान लांब करून आमच्याकडे बघू लागली. मी खुर्ची पुढे ओढली आणि मुद्दाम आवाज खाली आणला.