शेवटच्या विड्यातला चुना

माझी लेक पुण्यात थेंबांवर पाळत ठेवायच्या नोकरीला आहे. दोन रसायनं केसाएवढ्या बारीक नळीतून सोडायची आणि ती एकमेकांना भेटली की त्यांचं काय होतं ते मोठ्या चुंबकानं बघायचं. तिनं पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, म्हणजे सोयरीक जमवायचं काम. तिची आई चुलीपुढनं म्हणाली, "जमवू द्या. तुमच्यापरीस बरी जमवंल."

तिची आई जाऊन सव्वा वर्ष झालं. रडणंबिडणं माझ्याकडून फारसं झालं नाही, पण तोंड भाजतं. सगळा संसार मी पान खाल्लं ते तिनं लावलेलं. माझ्या हाताला चुन्याचा अंदाजच नाही. कमी पडला तर विडा रंगत नाही, जास्त झाला तर जीभ सोलून निघते. ती होती तेव्हा विचारून ठेवायचं सुचलं नाही.

तिनं लावलेला शेवटचा विडा माझ्या चंचीत होता. दवाखान्यात निघायच्या सकाळी तिनं हातात दिला. दवाखान्यात थुंकू देत नाहीत म्हणून मी ठेवून दिला, तो राहिलाच. वाळून शेंगेसारखा झाला.

मागं एकदा फोनवर लेक म्हणाली, "आबा, चुंबकाची हीच तर गंमत. काई फोडायचं न्हाई. बाहेरून बघायचं, आतलं कळतं."

दुसऱ्या दिवशी मी घोडेगावातून एसटी धरली.

तिच्या कामाच्या खोलीच्या दारातच तिनं मला अडवलं. लोखंड आत न्यायचं नाही. मी अडकित्ता काढला, कपाटाची चावी काढली, करदोट्याची कानकोरणी काढली.

"छातीत मशीन बसवलेलं न्हाई ना?"

"तुला म्हाईत न्हाई व्हय?"

"सगळ्यांना विचारावं लागतं. पायात सळई, खिळा?"

"मी काय नाल मारलेला बैल हाय?"

आत डेअरीच्या टाकीसारखं पांढरं पिंप चार पायांवर उभं. एवढ्या मोठ्या पिंपानं थेंब बघायचा. मी चंची उघडून विडा पुढं केला.

"हे घाल ह्याच्यात."

"हे काय?"

"तुझ्या आईनं लावलेला हाय. चुना किती, तेवढं सांग."

मग तिनं एक काचेची नळी दाखवली, ज्वारीच्या काडीपेक्षा बारीक. "आबा, ह्याच्यात जायला पाहिजे. विडा कुटावा लागंल. आन् कुटला तरी चुना ह्या मशीनला दिसायचा न्हाई. दुसऱ्या मशीनवर कळंल, पण कुटावा लागंलच."

"न फोडता कळतं म्हनलीस."

"नळीतला थेंब, आबा. विडा न्हाई."

"मग तुझ्या ह्या पिंपापरीस फाट्यावरचा टपरीवाला हुशार."

ती हसली नाही. हात पुढं करून म्हणाली, "कुटू का? एकदाच हुईल, पण कळंल. तुमी म्हनाल तसं."

विडा कुटला तर तोंड भाजायचं थांबणार होतं. मी तो परत चंचीत गुंडाळला. म्हणालो, भाजू दे.

बाहेर झाडाखाली बाकड्यावर बसलो. तिनं हात धुऊन माझ्या चंचीतलं एक ताजं पान घेतलं, पुसलं, शीर काढली.

"आई करंगळीनं लावायची," ती म्हणाली. "तुमी अंगठ्यानं लावता. तुमचा अंगठा म्हंजी गवंड्याची थापी."

मला करंगळी आठवत नव्हती. इतकी वर्षं समोर बसलो, पण माझं ध्यान विड्यावर. लेकीची करंगळी मात्र मी तिथं नीट बघितली. शेंड्याला जरा वाकडी, आणि बघता बघता आठवलं, तिच्या आईची होती तशीच. लेकीनं ती चुन्याच्या डबीला टेकवली न टेकवली आणि पानावर एकच रेघ ओढली.

मी विडा तोंडात घातला. कात, सुपारी, चुना एकमेकांना भेटले. तोंड रंगलं, आणि जीभ गार.

"इथं थुंकू नका," ती म्हणाली. "भाजलं का?"

"भाजलं."

"लई?"

"लई. दुसरा लाव."

तिनं वाकून माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि दुसरं पान पुसायला घेतलं.